राखेची रेघ

सुनंदा,

तुझा फ्लेक्स लागलाय, हे आधी सांगते. तू असतीस तर सगळ्यात आधी त्यालाच हसली असतीस. आधारकार्डावरचा फोटो मोठा करून छापलाय. कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसतेस. फोटोला झेंडूचा हार, कडेला रंगीत फुगे आणि खाली लाल अक्षरांत 'सर्वसमावेशक उन्हाळी शिबिर'. तू जन्मभर ज्याला नुसतं 'मांडव' म्हणालीस, त्याचं हे नवं नाव. ते उच्चारताना माझी कवळी हलते.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. शिबिर आता ज्या संस्थेकडे गेलंय, तिथल्या मुलीचा मला फोन आला. "आजी, तुम्ही सुनंदाताईंच्या जुन्या मैत्रीण ना? त्यांच्यावर दोन शब्द लिहून द्याल?" मी हो म्हटलं. शेवटचं अख्खं वर्ष आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो, हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तिला तिचे दोन शब्द देईन मी, 'प्रेमळ', 'कष्टाळू' वगैरे घालून. हे मात्र तुला लिहितेय.

मी पहिल्यांदा तुमच्या गावात आले, तेव्हाची मी तुला आठवते का? मला चांगली आठवते, आणि तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. तेवीस वर्षांची, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात लाल फितीला बांधलेली शिट्टी. डी.एड.ला खेळाच्या विषयात पहिली आलेली. डोळखांबच्या पुढे रस्ता संपतो तिथल्या शाळेवर नेमणूक झाली, तर बाईंना वाटलं, देशानंच हाक मारली. शाळेत पोरं नव्हती. निम्मी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली. भट्ट्या थंडावून ती पाड्यावर परतायची तेव्हा मे महिना, म्हणजे शाळेला सुट्टी. म्हणून मी सुट्टीतच त्यांचं शिबिर काढलं. विस्तार अधिकारी खूश होतील हा त्यातला खरा हेतू. पोरं दुसऱ्या नंबरवर. तू तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होतीस. पाणी भरायला आणि खिचडी शिजवायला तुला बोलावलं होतं. खेळाबद्दल तुला कोण विचारतंय!

सोमी आठवते? ठाकरपाड्यावरची, जन्मापासून बहिरी. तिला खेळात कसं घ्यावं ते मला कळेना, म्हणून मी तिला पंच केलं. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. बहिऱ्या पोरीच्या! वर टाळ्याही मीच वाजवल्या. सोमीला एवढंच कळलं की फुंकलं की गालांत गुदगुल्या होतात. मग ती थांबेचना. शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं, असं पोरांना मीच शिकवलेलं. पोरं पाऊल उचलायची आणि थांबायची, उचलायची आणि थांबायची. अख्ख्या खेळाला उचकी लागली. आणि मी मागून ओरडतेय, "सोमी, बास! सोमी, बास कर!" जणू तिला ऐकू येणार होतं.

तू खिचडीचं पातेलं खाली ठेवलंस. सोमीसमोर जाऊन उभी राहिलीस, तिच्या तोंडातली शिट्टी काढलीस आणि तिच्या हातात चेंडू दिलास. मला म्हणालीस, "बाई, तिला खेळायचंय."

मी अहवालात लिहिलं, 'मूकबधिर विद्यार्थिनीस पंचाची जबाबदारी देऊन तिचा आत्मविश्वास वाढवण्यात आला.' तुझ्याबद्दल लिहिलं, 'मदतनीस यांनी खिचडी उत्तम शिजवली.'

पुढच्या मेमध्ये मी शहाणी झाले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. जे मूल अडतंय त्याला सरळ दूधभात करायचं. आपल्यात दूधभात काय ते कोणाला सांगायला नको. धाकटं भावंड मागं लागलं की त्याला खेळात घ्यायचं, पण मोजायचं नाही. ते धावेल, ओरडेल, पण राज्य त्याच्यावर येणार नाही आणि ते कधी आऊट होणार नाही. आई खूश, पोर खूश, खेळ चालू. मीसुद्धा माझ्या थोरल्या भावाच्या खेळात तीन वर्षं दूधभात होते आणि मला वाटायचं, मी फारच चपळ आहे.

तू म्हणालीस, "मांडवात दूधभात नाय, बाई."

"अगं, मग हरतील ती."

"हरू देत. बाकीची नाय हरत?"

"वाईट वाटेल त्यांना."

"जो आऊट व्हायचा नाय, तो आला काय नि गेला काय. त्याला ठाव असतं ते."

मग तू राख आणलीस. चुलीची राख, पिठासारखी चाळलेली. पहिले दोन दिवस खेळ नाही, फक्त रेघा. समोर लगोरी रचायची, एकेका पोराला चेंडू द्यायचा आणि मारत राहू द्यायचं. नेम सारखाच लागतोय तर मागे हो. लागतच नाही तर पुढे ये. कधी लागतो, कधी चुकतो, त्या जागेवर तू वाकून राखेची रेघ मारायचीस, आणि ती त्या पोराची रेघ. धडधाकट पोरांनाही रेघ होतीच. गावातल्या सगळ्यात तरबेज पोराची रेघ विहिरीच्या कठड्याला टेकली होती, तरी तो कुरकुरत होता. आंधळ्या चंदूसाठी घुंगरू भरलेला चिंधीचा चेंडू, आणि लगोरीवर काठीनं टकटक करायला एक जण. एकदा रेघ ठरली की मग दयामाया नाही. तीन नेम चुकले की आऊट. चंदू आऊट, सोमी आऊट, सरपंचाचा नातू आऊट.

दिवाळीच्या सुट्टीत तू हाच मांडव तुझ्या माहेरी, मुरबाडकडे नेलास. त्या एसटीतली गंमत मी अजून लोकांना सांगते. तू मांडीवर राखेचा डबा घेऊन बसलेली, झाकणाला फडकं बांधलेलं. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय यात?"

"राख."

तो दोन पावलं मागं सरला. "कोणाची वो?"

"चुलीची, दादा."

तोवर पुढच्या दोन सीट रिकाम्या झाल्या होत्या. तू मला कोपर मारलंस, "बसा बाई ऐसपैस, मयताची कृपा." मुरबाड येईपर्यंत आपण पदर तोंडात कोंबून हसत होतो.

पण गोड आठवणी लिहायला मी बसलेली नाही. तुझं माझं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

ही रेघांची पद्धत मी तालुक्याच्या शिक्षकांसमोर मांडली. 'माझा उपक्रम' म्हणून. शाल मिळाली, नारळ मिळाला. तू मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्यास. परत येताना, अंगात लाज अगदीच संपली नव्हती म्हणून, मी म्हटलं, "सुनंदा, तुझं नाव घ्यायचं राहिलं गं."

तू म्हणालीस, "असू द्या, बाई."

माझ्या सासरी, आटगावला, तू आलीस की तुला ओटीवर चहा मिळायचा. कान तुटलेल्या वेगळ्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. तू तो काढायचीस, चहा प्यायचीस, धुवायचीस आणि परत तिथंच पालथा घालायचीस. सासूबाई हसून विचारायच्या, "अजून घेतीस का घोटभर?" मी आत स्वयंपाकघरात, पुरोगामी विचारांची शिक्षिका, दाराआडून बघत. एकदा तुला म्हटलं, "आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत गं." "असू द्या, बाई." सासूबाई गेल्या, त्यानंतर तीन वर्षं तो कप त्याच कोनाड्यात होता. तेव्हा घरात जुन्या वळणाचं कोण उरलं होतं, ते मला कोणी विचारलं नाही. तूही नाही.

मग मनू आली. माझी नात. तिचे पाय जन्मापासून तिचं ऐकत नाहीत. वॉकर धरून चालते, डावा हात आत वळलेला. शब्द एकेक करून येतात, पण येतात ते धार लावून. आठ वर्षांची झाली तशी मी तिला मेमध्ये आटगावहून रिक्षानं रोज मांडवात आणू लागले. तू तिची रेघ मारलीस. त्या रेघेवरून तिनं पहिल्यांदा लगोरी फोडली तेव्हा ती इतकी हसली की तोल जाऊन पडली, आणि पडूनही हसत राहिली. त्या दिवशी मी तुला मिठी मारली होती. तेवढं एक तरी नीट केलं म्हणायचं.

आणि मग गेल्या वर्षीचा मे. शेवटच्या दिवशीचा सामना. मनू दहा वर्षांची. तिच्या संघाचा सगळा भार तिच्या डावावर आला. पहिला नेम चुकला. दुसरा चुकला. तिसरा लगोरीला वारासुद्धा न लावता गेला. आऊट. तिच्याच संघातली पिंकी, तुमच्या वाडीतली, पाय आपटून म्हणाली, "हिच्यामुळं हरलो!" मनूच्या तोंडातून लाळ, नाकातून शेंबूड, डोळ्यांतून पाणी. मी खुर्चीवरून उठले.

"सुनंदा, तिला अजून एक नेम दे."

"तीन झाले, बाई."

"मग दूधभात कर तिला. तुझं काय जातंय?"

"मांडवात दूधभात नाय. तुमाला ठाव हाय."

"पोर रडतेय माझी!"

"काल पिंकी रडली. परवा चंदूचा पोरगा रडला. तवा तुमी केळं खात होता."

लोक हसले. मला ते हसणं लागलं, आणि मी बोलले. सगळ्या मांडवासमोर, पोरांसमोर, तुझ्या सुनेसमोर बोलले.

"तुमच्या पोरांना सवय असते हरायची. माझ्या नातीला नाही."

'तुमच्या.' हा शब्द कुठून आला ते माझं मला त्याच क्षणी कळलं होतं. गोठ्याच्या कोनाड्यातून आला.

तू वाकलीस. चेंडू उचललास, त्याची धूळ पदराला पुसलीस. "असू द्या, बाई," म्हणालीस आणि पोरांकडे वळलीस, "चला रे, पुढचा कोण?"

मी मनूला घेऊन निघून आले.

पहिले पंधरा दिवस मी तुझ्या भांडायला येण्याची वाट बघितली. खरंच सांगते. काय बोलशील, मी काय उत्तर देईन, सगळं तयार होतं. तू आली नाहीस. मग मलाच राग येऊ लागला, की ही भांडायला का येत नाही! माझ्यासारखी बाई जगात दुसरी नसेल. स्वतः चिखल फेकायचा आणि वर समोरच्यानं तो झटकला कसा नाही म्हणून रुसायचं. फोन हातात घ्यायची, तुझं नाव काढायची आणि मग उद्याचं हवामान बघायची. हवामानाचा एवढा अभ्यास वेधशाळेनंही केला नसेल.

मनू रोज विचारायची. मे संपला तरी तुझा संध्याकाळचा मांडव असायचाच, आधी ती रविवारी तिथं यायची. मी तिला सांगितलं, "मांडव बंद झाला." एवढं एकच वाक्य. वर्षभर पुरलं. ती संध्याकाळी खिडकीशी मोबाइल घेऊन बसायची. दिवाळीत तू रिक्षावाल्याबरोबर नवा चेंडू पाठवलास, घुंगरू भरलेला, मनूच्या वळलेल्या हातात मावेल एवढा. मी तो कपाटावर ठेवला. मनूला दाखवलासुद्धा नाही. कपाट उघडलं की तो वर वाजायचा.

एप्रिलात तुझ्या छातीत दुखलं आणि शहापूरला पोचेपर्यंत तू संपलीस. त्याच रिक्षावाल्यानं सांगितलं. मयताला मी आले नाही. साडी नेसून तयार झाले, दारापर्यंत आले आणि मग म्हटलं, ऊन फार आहे. जलदान विधीला मात्र आले, मनूला घेऊन. तुझ्या घरी मला आत बसवलं. ओटीवर नाही, आत, भिंतीला टेकून, पंख्याखाली. सगळ्यांना ज्या कपातून चहा दिला, त्याच कपातून मलाही. कपाचा कान शाबूत होता.

बाहेर पिंकी मनूला विचारत होती, "तू वर्षभर आली का नाय गो? आमी तुझी रेघ ठेवलेली."

आटगावला घराशी रिक्षातून उतरताना मनू बोलली. "मांडव... बंद... नव्हता." मी रिक्षाचे पैसे मोजत राहिले. "सुनंदामावशीनं... मला आऊट केलं... तरी... दुसऱ्या दिवशी... घ्यायची. तू... मला... घरी... बसवलंस."

मग म्हणाली, "मेमध्ये... मी जाणार."

तर गेलो आम्ही. मांडव तसाच, जांभळीखाली, पण जांभळीच्या डहाळ्यांऐवजी वर निळी ताडपत्री. एका कोपऱ्यात गालिचा, रंगीत खडू, टेबलपंखा आणि पाटी, 'आमचे खास मित्र'. चंदूचा पोरगा त्याच्या बापासारखाच आंधळा. त्याला तिथं बसवून रंगवायला कागद दिला होता. आंधळ्याला! तो शहाणा, कागदाची विमानं करत बसला होता. मनूला बघून रिया धावत आली. संस्थेची मुलगी, पिवळा टी-शर्ट, तोंडभर गोडवा. "मनू! तू आमची अंपायर!" आणि गुलाबी फितीची शिट्टी तिच्या गळ्यात घातली. टाळ्याही स्वतःच वाजवल्या.

मला एवढं हसू फुटलं की रियाला वाटलं मी आनंदानं रडतेय. तेवीस वर्षांची मी समोर उभी होती गं, फक्त साडीच्या जागी टी-शर्ट. तिचा राग करावा तरी कोणत्या तोंडानं? ती पोरगी वाईट नाही. मीही वाईट नव्हते. तेच तर आहे.

मनूनं शिट्टी काढली, माझ्या गळ्यात घातली. "तू... वाजव." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी तुझ्या घरी गेले. वैशाली, तुझी सून, अंगणात तांदळाचे पापड वाळत घालत होती. उठली नाही.

"राख हवी होती," मी म्हटलं. "रेघांना."

"हाय. आईंनी होळीच्या आधीच चाळून ठेवलेली. रंगाच्या डब्यात. मी फेकणार होती, मग नाय फेकली." तिनं पडवीतून डबा आणला, पण हातातून सोडला नाही. "बाई, गेल्या वर्षी तुमी जे बोललात, ते मी तिथं उभी राहून ऐकलंय. तुमच्या घरी यायला निघाली होती मी. चप्पल घातलेली. आईंनी अडवलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बाईंना कोणी काय बोलायचं नाय. त्यांना नाय झेपायचं."

डबा तिनं माझ्या हातात दिला.

सुनंदा, हे तू काय केलंस? सोमीला नाही, चंदूला नाही, माझ्या पांगळ्या नातीलाही तू दूधभात केलं नाहीस. केलंस ते मला. चाळीस वर्षं. शालीच्या वेळी, कपाच्या वेळी, त्या दिवशी मांडवात. मी चुकत राहिले आणि तू मोजलंच नाहीस. मला वाटायचं ही मैत्री. मला वाटायचं, मी फारच चपळ आहे.

की चूक माझीच पुन्हा? तुला मला आऊट म्हणायची मुभा होती तरी का? मदतनिसानं बाईंना? तुमच्या वाडीनं आमच्या ओटीला? तुझ्या 'असू द्या'त माया किती होती आणि नाइलाज किती, हे विचारायला हवं होतं. तू डोळखांबच्या रस्त्याला होतीस, मी आटगावला. रिक्षानं जाण्याएवढं अंतर. मी हवामान बघत होते.

असो. पुढचं सांगते. मी मांडवात जाऊन जुना बाईंचा आवाज काढला. तो अजून निघतो. रिया म्हणाली, "आजी, आज ओरिगामी आहे." मी म्हटलं, "ती पावसात कर." दोन दिवस रेघा शोधल्या. माझं वाकणं म्हणजे एक कार्यक्रमच. खाली जायला एक मिनिट, वर यायला दोन पोरं लागायची. रियानं दुसऱ्या दिवशी स्वतःच राखेत हात घातला. चंदूचा पोरगा विमानं टाकून आला. मनूची रेघ मी मारली, तर तिनं ती वॉकरनं पुसली.

"ही... बाळाची... रेघ. मागं."

मागे घेतली. आणखी मागे घेतली. पाचात दोनदा लागायला लागला, तिथं मारली. तू मारली होतीस त्याच्या हातभर मागे, सुनंदा. वर्षभर खिडकीशी बसूनसुद्धा.

तिसऱ्या दिवशी खेळ. कपाटावरचा तुझा चेंडू मी आणला होता. मनूनं तो ओळखला. कानाशी धरून हलवला. तिचा डाव आला. पहिला नेम डावीकडून गेला. दुसरा वरच्या चिपेला घासून गेला, चीप हलली, पडली नाही. तिसरा अर्ध्यातच टप्पा पडून थांबला.

रिया पुढं झाली, "मनूला अजून एक चान्स देऊ या! टाळ्या!" कोणी टाळी वाजवली नाही. पिंकी माझ्याकडे बघत होती. मनू माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात काय आलं होतं, ते तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग? 'दे गं एक', हेच आलं होतं. जिभेवर होतं. ते गिळलं.

"आऊट," मी म्हटलं.

मनूनं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात विसरणार नाही. वॉकर आपटला आणि निघाली. मैदानाबाहेर जायला तिला वेळ लागतो. तेवढा वेळ अख्खा खेळ थांबला, तुझ्या मांडवात थांबायचा तसा. कोणी घाई केली नाही, कोणी उचलायला गेलं नाही. पिंकी ओरडली, "मनू, इकडं सावलीला ये! मी पण आऊट हाय." मनू तिच्याजवळ जाऊन बसली, रडली, मग दोघी मिळून समोरच्या संघाला शिव्या द्यायला लागल्या. चांगल्या जुन्या शिव्या. रियानं कानावर हात ठेवले.

मनू माझ्याशी हसली वगैरे नाही. परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "उद्या... तीच रेघ. पुढं... घेऊ नकोस."

काल शिबिर संपलं. मी डबा परत द्यायला तुझ्या घरी गेले. निम्मी राख उरली होती. वैशाली पापड उलटत होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "वैशाली, आता अडवायला सुनंदा नाही. त्या दिवशी चप्पल घालून निघाली होतीस ना? आज मीच आलेय. काय बोलायचं ते बोल मला. झेपेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझे पांढरे केस, साडीला लागलेली राख. मी मान खाली घातली. वाटलं, आता येतंय. इतक्या वर्षांनी येतंय.

तिनं हातातला पापड उलटा केला, नीट पसरला.

"असू द्या, बाई," ती म्हणाली. "आत बसा. चहा ठेवते."

मनू आऊट झाली, सुनंदा. मी अजून दूधभातच.